नागपूरचा कोरोना आलेख आणि निर्बंधांचे आदेश: कोणता स्रोत कितपत कामाचा

नागपूरचे कोरोनाकाळातले आकडे आजही अनेकांना लागतात. मेडिकल किंवा मेयो या इथल्या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पीएसएमचा (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचा) प्रबंध लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरांना लागतात, पत्रकारांना लागतात, आणि अमुक दिवशी दुकान आदेशानेच बंद होतं हे भाड्याच्या किंवा विम्याच्या वादात कागदावर दाखवायचं असलेल्या सीताबर्डी-इतवारीच्या व्यापाऱ्यांनाही लागतात. हे आकडे आणि आदेश देणाऱ्या प्रत्येक स्रोताची गुणवत्ता वेगळी आहे. कुठला स्रोत कशासाठी वापरायचा हे माहीत नसलं की निष्कर्ष हमखास चुकतो.

निवाडा आधीच सांगून टाकतो. आलेख काढायला कोविड१९इंडिया डॉट ओआरजी या स्वयंसेवी प्रकल्पाचा साठा सगळ्यांत उत्तम. नागपूरपुरता अर्थ लावायला जिल्हा प्रशासनाचा रोजचा अहवाल हवाच, त्याला पर्याय नाही. निर्बंधांसाठी राज्याचा आदेश आणि महापालिका आयुक्तांचा आदेश एकत्र वाचावे लागतात. राज्याच्या आरोग्य विभागाचं दैनिक पत्रक हा या सगळ्यांना जोडणारा धागा. आरोग्य सेतू ॲपचा या कामाला जवळपास उपयोग नाही.

ही क्रमवारी ज्या कसोटीवर लावली आहे ती एकच. नागपूरचा आकडा हा मुळात एक आकडा नाही, तो शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील अशा तीन आकड्यांची बेरीज आहे. जो स्रोत हे तीन वेगळे दाखवतो तो कामाचा.

जिल्हा प्रशासनाच्या अहवालात रोज बाधित, मृत्यू, बरे झालेले, तपासण्या आणि सक्रिय रुग्ण येत. बाधित आणि मृत्यू यांच्यापुढे शहर, ग्रामीण, जिल्ह्याबाहेरील अशी फोड असे. त्यातला तिसरा रकाना बहुतेक वाचक सोडून देत, आणि नेमकी तिथेच चूक होते. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं ही एकट्या नागपूरची नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ इथून रुग्ण येतात, तसेच मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहूनही येतात. हे रुग्ण बहुधा आधीच गंभीर झालेले असतात. त्यामुळे बाधितांच्या यादीत जिल्ह्याबाहेरचे थोडे दिसतात, पण मृत्यूंच्या यादीत त्यांचा वाटा बराच मोठा निघतो. एकूण मृत्यूंना एकूण बाधितांनी भागून नागपूरचा मृत्युदर काढला तर तो खऱ्यापेक्षा जास्त येतो. अंशातून आणि छेदातूनही जिल्ह्याबाहेरील वगळून, शहर आणि ग्रामीणचा दर स्वतंत्र काढणं हाच योग्य मार्ग.

राज्याच्या पत्रकात हीच माणसं दुसऱ्या ठिकाणी सापडतात. ते पत्रक आरोग्य मंडळांप्रमाणे लावलेलं असे. नागपूर मंडळात नागपूर, नागपूर मनपा, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, चंद्रपूर मनपा आणि गडचिरोली अशा ओळी. तिथे भंडाऱ्याचा रुग्ण भंडाऱ्याच्या ओळीत जातो आणि छिंदवाड्याचा शेवटच्या ‘इतर राज्ये’ या ओळीत. म्हणून एकाच तारखेचा नागपूरचा आकडा दोन कागदांवर वेगळा दिसतो. त्यात लपवाछपवी शोधण्याआधी जिल्ह्याबाहेरील रकाना वजा करून पाहावा, बराचसा फरक तिथेच मिटतो. जो उरतो तो बहुतेक वेळेचा: जिल्ह्याचा अहवाल आणि राज्याचं पत्रक एकाच घटकेला बंद होत नसत, आणि राज्याचे आकडे केंद्रीय पोर्टलवर जेवढी नोंद झाली तेवढ्यावर अवलंबून असत.

मंडळांच्या या मांडणीत आणखी एक अडचण आहे. अमरावती आणि यवतमाळ हे अकोला मंडळात येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भातली वाढ आधी तिकडे दिसली आणि २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी लागली. नागपूरची टाळेबंदी ११ मार्चला जाहीर झाली आणि १५ मार्चला सुरू झाली, म्हणजे जवळपास तीन आठवड्यांनी. फक्त नागपूर मंडळाचा तक्ता पाहणाऱ्याला हा इशारा दिसलाच नसता. नागपूरचा अभ्यास करायचा असेल तर अमरावती, यवतमाळ आणि वर्धा यांच्या रेषा त्याच आलेखावर काढा.

आता कोविड१९इंडियाबद्दल. मार्च २०२० मध्ये स्वयंसेवकांनी हा प्रकल्प सुरू केला, राज्यांची पत्रकं आणि समाजमाध्यमांवरची अधिकृत हँडल यांवरून आकडे गोळा केले, आणि कच्चा साठा सगळ्यांसाठी खुला ठेवला. देशभरातल्या जिल्ह्यांचे आकडे एका साच्यात, रोजच्या रोज, फुकट. एवढं काम दुसऱ्या कुणी इतक्या नेटकेपणाने केलं नाही, आणि त्याबद्दल या लोकांचे आभार मानावेत तेवढे थोडे. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवलं, पण तोवरचा साठा जतन केलेला आहे.

आपल्या कामाची फाइल म्हणजे डिस्ट्रिक्ट्स डॉट सीएसव्ही. तीत तारीख, राज्य, जिल्हा, बाधित, बरे, मृत, इतर आणि तपासण्या असे आठ रकाने आहेत आणि नोंदी २६ एप्रिल २०२० पासून सुरू होतात. ओळी काही लाखांत आहेत. एक्सेलच्या मर्यादेत बसतात, पण साधा लॅपटॉप अडखळतो, म्हणून उघडल्याबरोबर राज्य महाराष्ट्र आणि जिल्हा नागपूर अशी चाळणी लावून तेवढ्या ओळी नव्या फाइलमध्ये घ्याव्यात.

इथे पहिली चूक ठरलेली असते. हे आकडे त्या दिवसापर्यंतचे एकूण आहेत, त्या दिवसाचे नाहीत. रोजचा आकडा हवा तर आजच्यातून कालचा वजा करायचा. वजाबाकी केल्यावर काही दिवशी उत्तर ऋण येतं. दुहेरी नोंद काढली, किंवा रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यात वळवला, की एकूण आकडा मागे येतो. असा दिवस शून्य करून टाकू नये, कारण मग बेरीज जुळत नाही. ऋण आकडा तसाच ठेवून सात दिवसांची सरासरी काढली की तो बहुतेक वेळा आपोआप पचतो. एकदम मोठी सुधारणा झाली असेल तर तो दिवस आलेखात वेगळ्या खुणेने दाखवावा आणि खाली तसं लिहावं.

उलट दिशेची उडीही येते. राज्याने १६ जून २०२० ला आधीचे १,३२८ मृत्यू एकाच वेळी आकड्यांत मिळवले होते. तो जुळवणीचा परिणाम होता, त्या दिवशी तेवढी माणसं गेली नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यातही जुने मृत्यू टप्प्याटप्प्याने भरले गेले. म्हणून मृत्यूंचा आलेख हा नोंदीच्या तारखेचा आहे, मृत्यूच्या तारखेचा नाही, हे वाक्य प्रत्येक आलेखाखाली असायला हवं. मृत्यूंचं शिखर बाधितांच्या शिखरानंतर किती दिवसांनी आलं असं गणित या फाइलवरून मांडणाऱ्यांनी फार जपून मांडावं.

सात दिवसांची सरासरी घेण्याचं कारण रविवार आहे. रविवारी केंद्रांवर नमुने कमी, सोमवारी अहवाल कमी, मंगळवार-बुधवारी साचलेले अहवाल बाहेर. आलेखात दर आठवड्याला दिसणारी ही खाच आजाराची नसून प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाची आहे. खासगी प्रयोगशाळेने पोर्टलवर भरणा उशिरा केला तर ती खाच आणखी खोल होते आणि नंतरची उडी आणखी उंच. पाच किंवा दहा दिवसांची सरासरी घेतली तर आठवड्याचा ठेका पूर्ण कापला जात नाही. सातच घ्यावेत, फार तर चौदा.

संकेतस्थळाच्या आलेखावर लॉग प्रमाणाची (अक्षावर समान अंतर म्हणजे समान पट) कळ होती. आपल्या फाइलवर आलेख काढताना ती सोय जरूर वापरावी. साध्या प्रमाणात एप्रिल २०२१ ची लाट, जेव्हा जिल्ह्यात रोज सात हजारांच्या वर बाधित निघत होते, बाकी सगळं झाकून टाकते. सप्टेंबर २०२० ची पहिली लाट तिच्यापुढे टेकडीसारखी दिसते आणि फेब्रुवारी २०२१ मधली सुरुवात तर दिसतच नाही. लॉग प्रमाणात सरळ वर जाणारी रेषा म्हणजे ठरावीक दिवसांत दुप्पट होणारी संख्या, आणि ती फेब्रुवारीतच वर वळलेली स्पष्ट दिसते.

या साठ्याच्या तीन उणिवा सांगायलाच हव्यात. पहिली, नागपूर म्हणजे इथे पूर्ण जिल्हा. शहर आणि ग्रामीण वेगळं मिळत नाही. दुसरी, तपासण्यांचा रकाना अनेक जिल्ह्यांत दीर्घकाळ रिकामा किंवा तुटक आहे, त्यामुळे केवळ या फाइलवरून बाधितांचं प्रमाण (दर शंभर तपासण्यांमागे किती बाधित) काढता येत नाही. तिसरी, ऑक्टोबर २०२१ नंतर काही नाही, म्हणून जानेवारी २०२२ ची ओमायक्रॉनची लाट यात शोधू नये. तिच्यासाठी राज्याची पत्रकं उघडावी लागतात. त्या पीडीएफमधले तक्ते एक्सेलमध्ये नीट उतरत नाहीत, रकाने सरकतात. दर दहा ओळींनंतर बेरीज ताडून पाहावी.

शहर-ग्रामीण ही फोड कागदावर सोपी वाटते, पण नागपुरात ती फसवी आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ आणि जिल्ह्याची ४६,५३,५७०. म्हणजे उरलेला जिल्हा साधारण साडेबावीस लाखांचा, शहराच्या जवळपास बरोबरीचा. त्यामुळे दोन्हींचे आकडे थेट शेजारी ठेवले तरी फार बिघडत नाही, दर लाखामागे काढले तर उत्तमच. पण ‘ग्रामीण’मध्ये कामठी, वाडी, हिंगणा हा शहराला चिकटलेला दाट भाग येतो, आणि रामटेक-पारशिवनीच्या जंगलालगतची गावंही येतात. ग्रामीण आकडा वाढला म्हणजे खेड्यात आजार पसरला असं थेट म्हणता येत नाही. तालुकानिहाय तक्ता मिळाला तरच ते बोलावं.

निर्बंधांच्या बाबतीत हीच हद्द आणखी गुंतते, कारण आदेश काढणारे तेव्हा तिघे होते. महापालिका हद्दीत आयुक्त, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी, आणि जमावबंदी-संचारबंदीसाठी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली पोलीस आयुक्त. पोलीस आयुक्तालयाची हद्द महापालिकेच्या हद्दीपेक्षा मोठी आहे, तिच्यात कामठी, वाडी, हिंगण्याचा भाग येतो. १५ ते २१ मार्च २०२१ ची टाळेबंदी याच आयुक्तालयाच्या हद्दीत होती. म्हणजे कामठीचा दुकानदार शहराच्या टाळेबंदीत बंद होता आणि त्याच्या गावचे रुग्ण मात्र ग्रामीणच्या रकान्यात मोजले जात होते. टाळेबंदीचा परिणाम तपासताना फक्त शहराचा आकडा घेणारा अभ्यास इथेच घसरतो.

आदेश वाचताना तारखेबरोबर वेळही टिपावी. एप्रिल २०२१ चंच पाहा. राज्यभर १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून १ मेच्या सकाळी ७ पर्यंतचा आदेश निघाला. २० एप्रिलला किराणा, भाजी, दूध अशा दुकानांची वेळ सकाळी ७ ते ११ एवढी झाली. २२ एप्रिलपासून आणखी एक आदेश लागू होऊन कार्यालयांतली हजेरी १५ टक्क्यांवर आणि लग्न २५ माणसांत, दोन तासांत, एकाच सभागृहात आवरायचं ठरलं. आठ-नऊ दिवसांत तीन आदेश, आणि प्रत्येक नवा आदेश जुन्याला पूर्ण रद्द करत नाही, त्यातली काही कलमं बदलतो. एकच पीडीएफ जोडून ‘त्या महिन्यात असे नियम होते’ असं दाखवणाऱ्याचा कागद टिकत नाही. राज्याचा मूळ आदेश, त्यानंतरचं स्पष्टीकरण आणि आयुक्तांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा स्थानिक आदेश, असे तिन्ही क्रमाने लावावेत. स्थानिक आदेश राज्याच्या आदेशापेक्षा कडक असू शकत होता, परवानगीशिवाय सैल नाही.

सगळ्यांत नीट विचार करून बनवलेला, आणि म्हणून अभ्यासाला सगळ्यांत सोपा, आदेश म्हणजे ४ जून २०२१ चा पाच स्तरांचा. तो ७ जूनपासून लागू झाला. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या, तर पहिला स्तर. प्रमाण तेच पण खाटा २५ ते ४० टक्के, तर दुसरा. प्रमाण ५ ते १० किंवा खाटा ४० च्या वर, तर तिसरा. १० ते २० किंवा ६० च्या वर, तर चौथा. २० च्या वर किंवा ७५ च्या वर, तर पाचवा. गुरुवारी आकडे जाहीर, सोमवारपासून स्तर लागू. नागपूर शहर आणि उरलेला जिल्हा हे यासाठी दोन स्वतंत्र घटक होते.

प्रमाण काढताना होणारी चूक इथे थेट एक स्तर बदलू शकते. समजा सोमवार ते शनिवार रोज ६,००० तपासण्या आणि ५७० बाधित, म्हणजे साडेनऊ टक्के. रविवारी १,५०० तपासण्या आणि २८५ बाधित, म्हणजे १९ टक्के. सात टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर सुमारे १०.९ येते, चौथा स्तर. पण आठवड्याचे एकूण ३,७०५ बाधित एकूण ३७,५०० तपासण्यांनी भागले तर ९.९ टक्के, तिसरा स्तर. दुसरी पद्धत बरोबर. रविवारच्या थोड्या तपासण्यांना पूर्ण दिवसाचं वजन देऊ नये.

तपासणीचा प्रकारही बघावा. रॅपिड अँटिजेन तपासणीतून बरेच बाधित निसटतात, म्हणून तिचं प्रमाण वाढवलं की टक्केवारी कागदावर उतरते. २५ जून २०२१ च्या आदेशाने हा मार्ग बंद केला: प्रमाण फक्त आरटीपीसीआरवर मोजायचं. त्याच आदेशाने डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने आकडे कितीही चांगले असले तरी तिसऱ्या स्तराच्या खाली कुणी यायचं नाही असंही ठरवलं. पहिल्या स्तरावर मोकळं झालेलं नागपूर २८ जूनपासून पुन्हा दुपारी ४ वाजता बंद होऊ लागलं, बिगर-अत्यावश्यक दुकानं शनिवार-रविवारी पूर्ण बंद. रुग्णसंख्या तेव्हा अगदी थोडी होती. या आठवड्यांचा नागपूरचा आलेख आणि निर्बंधांची पट्टी एकाखाली एक लावली तर दोन्हींचा मेळ बसत नाही, कारण निर्बंधांचं मूळ जिल्ह्यात नव्हतंच. आलेखावरून निर्बंधांचा अंदाज बांधणाऱ्या प्रत्येकाने हा अपवाद वेगळा काढावा. १५ ऑगस्टपासून दुकानांना रात्री १० पर्यंतची मुभा मिळाली, तेव्हा हा विषय संपला.

खाटांचा आकडा मात्र सावधपणे वापरावा. भरलेल्या खाटांचं प्रमाण दोन कारणांनी उतरतं: रुग्ण घटले म्हणून, किंवा खाटा वाढवल्या म्हणून. नुसत्या टक्क्यांवरून यातलं कुठलं झालं ते कळत नाही. भरलेल्या खाटांची संख्या स्वतंत्र रेषेने काढावी. शिवाय बालाघाटचा रुग्ण नागपूरची खाट व्यापतोच. स्थानिक संसर्ग उतरलेला असूनही खाटा भरलेल्या, असं चित्र नागपुरात नैसर्गिक आहे. शहराच्या खाटांची माहिती देणारी ऑनलाइन पानं त्या वेळी रुग्णाच्या नातेवाइकांसाठी होती, त्यांतले आकडे क्षणोक्षणी बदलत. जुन्या तारखेचा साठा म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं ते संपर्क शोधण्यासाठी, ब्लूटूथ आणि ठिकाण वापरून. पुढे ती सोयच बंद झाली. जिल्ह्याच्या कलासाठी ते कधीच उपयोगी नव्हतं.

राज्याने १ एप्रिल २०२२ पासून सगळे निर्बंध उठवले आणि जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणीची स्थिती संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतरची माहिती विरळ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ आणि मे-जून २०२५ मध्ये नव्या उपप्रकारांमुळे रुग्ण वाढले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पानावर राज्यनिहाय सक्रिय रुग्ण दिसत होते, जिल्हानिहाय नाहीत. आज तपासण्या बहुतेक फक्त दाखल किंवा लक्षणं गंभीर असलेल्यांच्या होतात. त्यामुळे आजचं बाधितांचं प्रमाण २०२१ च्या प्रमाणाशेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे. छेदातली माणसंच वेगळी आहेत. सध्याचा कल पाहायचा तर श्वसनविकाराने दाखल होणाऱ्यांचा आठवड्याचा आकडा अधिक प्रामाणिक बोलतो, आणि तो मेडिकल, मेयो किंवा एम्सच्या विभागाकडे रीतसर अर्ज करून मागावा लागतो. अर्जात कालावधी, वयोगट आणि पत्ता शहर, ग्रामीण की जिल्ह्याबाहेरील, हे तिन्ही रकाने स्पष्ट लिहून मागा. जिल्ह्याबाहेरील वेगळा मागितला नाही तर तो बेरजेत मिसळूनच हाती येतो.